दऱ्यांचा दर्या

सांता क्लारा
१२ मार्च २००८, बुधवार

प्रिय शैलजा,

तू फोन घ्यायचा नाही असं ठरवलं आहेस, हे मला रविवारीच कळलं. आश्लेषाने फोन उचलला आणि म्हणाली, "सुवर्णामावशी, मॉम सेज शी इज नॉट होम." मागे तुझ्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मी म्हटलं, बरं, आई आली की सांग मावशीचा फोन होता. तर ती म्हणाली, "ओके, बट शी हर्ड यू. यू आर ऑन स्पीकर." इकडे वाढलेल्या मुलांना अशी कामं सांगू नयेत गं. फोन ठेवून मी कितीतरी वेळ हसत होते. हसू थांबल्यावर मात्र काळजी वाटायला लागली, कारण मुलीला पुढे करून स्वयंपाकघरात लपणारी शैलजा मी कधी पाहिली नव्हती.

मग गुरुदत्तना ऑफिसात फोन केला. ते म्हणाले, "काय सांगू, तुमची मैत्रीण बोलत काहीच नाही, सगळा राग पोळपाटावर निघतोय. पोळ्या मात्र अशा मऊ होतायत यार, की मी मध्ये पडायचं नाही असं ठरवलंय." त्यांच्यावर चिडू नकोस. काळजी वाटली की ते विनोद करतात, हे तू मला लग्नानंतरच्या तुझ्या पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस.

ईमेलही उघडत नसशील, म्हणून कागद घेतला. प्रायॉरिटी मेलने टाकते आहे, शनिवारपर्यंत मिळायला हवं. तुझ्या शेवटच्या मेलमध्ये दोनच ओळी होत्या. "हे काम माझ्याच्याने होणार नाही. माझी तिथे शोभा झाली आहे आणि ती सगळ्यांना दिसते आहे, म्हणून सोमवारी फोन करून गुरुवारचा इंटरव्ह्यू कॅन्सल करते आहे." सोमवारच्या आत हे पत्र एकदा शेवटपर्यंत वाच. एवढंच मागते. त्यानंतर जे ठरवशील ते तुझं.

आणि हे निव्वळ समजुतीचं पत्र नाही बरं का. जानेवारीत तुमची ग्रीन कार्डं आली त्या आठवड्यात तू मला म्हणाली होतीस, की आता खरोखर नोकरी लागली तर ऑफिसातली पोरं ही कोडची साइट, जिथे सगळे मिळून प्रोग्रॅम लिहितात ती, दिवसभर वापरत असणार, मी आपली अंदाजाने चाचपडते, तेव्हा मला चार टिपा लिहून दे, वेळ वाया जाणार नाही अशा. मी हो म्हटलं आणि विसरले. आज लिहिते. क्रमाने येतील असं नाही, तुला माहीत आहे माझं लिहिणं.

आपली पुण्यातली ती पहिली नोकरी आठवते? दोघींत मिळून एक कॉम्प्युटर. फायली फ्लॉपीवर, आणि फ्लॉपी ज्याच्याकडे असेल त्याने काम करायचं, बाकीच्यांनी चहा प्यायचा. तू टेबलावर चिठ्ठी चिकटवून जायचीस, "फाइल शैलजाकडे आहे, हात लावू नये." परवा मला ती चिठ्ठी आठवली ती तुमच्या रस्त्यावरून. डिसेंबरमध्ये मी तुझ्याकडे आले होते तेव्हा डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत लोकांनी बर्फ उपसून गाडीपुरती जागा केली होती आणि ती अडवायला तिथे घरातल्या खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. तू तर स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं होतंस, आणि आपण पोहे उभ्याने खाल्ले. तर सांगायचं हे, की आता या कामात स्टूल ठेवायची गरज राहिलेली नाही. स्वतःची ब्रँच काढायची, म्हणजे सगळ्या कोडची आपल्यापुरती एक फांदी, आणि तिच्यावर हवं ते मोडून पाहायचं. मूळ खोडाला धक्का लागत नाही. कुणाची वाट अडत नाही. जमलं तर जोडायची, नाही जमलं तर सोडून द्यायची, आणि कुणी विचारतही नाही. तू अजून फाइल अडवून बसल्यासारखी काम करतेस, सगळं पूर्ण निर्दोष होईपर्यंत कुणाला दाखवत नाहीस. ती सवय मोडून टाक.

दुसरं, एका कमिटमध्ये, म्हणजे एका वेळी जमा केलेल्या कामात, एकच बदल. आपण दोघी हौसेने ज्यावर काम करतो, त्या डेलच्या लिप्या छापायच्या प्रोग्रॅमला तू पाठवलेला पहिला पॅच, म्हणजे दुरुस्तीचा तुकडा, आठव. काम होतं एक मात्रा अर्ध्या रेषेने वर उचलायचं, आणि तू जाता जाता त्याचं सगळं इंडेंटिंग नीट केलंस, नावं बदललीस, रिकाम्या ओळी काढल्यास. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायला जावं आणि डबेच नव्याने लावून ठेवावेत, तसं झालं ते. बिचाऱ्याला स्वतःची साखर सापडेना. मात्रा मात्र अगदी बरोबर बसली होती, हेही खरं. आपण एक छोटा बदल केला की तपासणाऱ्याला तो एका नजरेत दिसतो, आणि तो लगेच उत्तर देतो. मोठं गाठोडं पाठवलं की ते पडून राहतं. साइटवर वेळ वाचवण्याची याहून मोठी युक्ती मला आजवर सापडलेली नाही.

आणि कमिटबरोबर जो एक निरोप लिहायचा असतो, त्यात काय केलं ते लिहू नकोस, का केलं ते लिही. काय केलं ते कोडमध्ये दिसतंच. लोणच्याच्या बरणीवर आपण 'लोणचं' अशी चिठ्ठी कुठे लावतो? कुठल्या महिन्यातलं, मीठ कमी आहे का, ते लिहितो. तुझे निरोप मी मुद्दाम वाचते. सकाळी संजीव निघून गेले की मी चहा घेऊन बसते आणि आधी तो लॉग उघडते, रात्रीत कुणी काय केलं त्याचा. तू एकदा लिहिलं होतंस, "अनुस्वार मात्रेवर चढून बसत होता, त्याला बाजूला सरकवला, कारण दोघांनाही दिसायचा हक्क आहे." ते इंग्रजीत लिहिलेलं होतं आणि तरी वाचताना मला तुझा आवाज ऐकू आला. जर्मनीतल्या कुणा माणसाने त्याच्याखाली लिहिलं होतं की अनुस्वार म्हणजे काय ते माहीत नाही पण त्याच्या हक्कासाठी आपण उभे आहोत.

केलेलं काम रोज संध्याकाळी साइटवर चढवून ठेव, अर्धवट असलं तरी. स्वतःच्या ब्रँचवर ठेवायला काय जातं? मला हे शहाणपण संजीवमुळे आलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मोठ्या उत्साहाने गॅरेज आवरलं आणि माझा जुना कॉम्प्युटर दान करून आले. त्यात माझं आठवड्याचं काम होतं. मी दुकानात धावले तोवर तो विकला गेला होता. संजीव म्हणाले, "अगं, त्याच्यावर धूळ होती." धूळ माझ्यावरही असते, म्हटलं, सांभाळून राहायला हवं.

आता त्या गोष्टीकडे येते, जिच्यामुळे तू पोळपाट बडवते आहेस.

साइटवर कुणी टिपण लिहिलं की येणाऱ्या मेल सारख्या उघडून पाहू नकोस, ही माझी पुढची टीप. तू डेलचं ते वाक्य कणीक मळता मळता वाचलंस, एका हाताने, आणि तसंच मनाला लावून घेतलंस. तुझं टिपणही त्याने असंच कुठल्यातरी गडबडीत वाचलं असणार. कोडवरचे अभिप्राय सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, हात धुऊन, बसून वाचावेत. मध्ये कितीही घंटा वाजू दे. त्या वेळात कोड लिहून होतो आणि बरीचशी भांडणंही टळतात.

झालं काय ते मी पुन्हा नीट मांडून पाहिलं. तुमच्या मंडळाने डेलच्या प्रोग्रॅमवर कार्यक्रमाची पत्रिका छापली. तू लिहिलं होतंस, "कांदा-लसूण नको असल्यास आचाऱ्यांना आधी सांगावे," आणि छापून आलं, "आचार्यांना आधी सांगावे." डेव्हनवरच्या आचाऱ्यांना कुणी काही सांगितलंच नाही. पाहुणे म्हणून आलेल्या संस्कृतच्या आचार्यांना मात्र दारातच चौघांनी गाठून लसूण नको म्हणून सांगितलं, आणि त्यांनीही मान डोलावून "उत्तम, उत्तम" म्हटलं. तू फोनवर ते सांगताना मी हसून खाली बसले होते. पण तू तिथे थांबली नाहीस. शोध घेतलास, तर तो प्रोग्रॅम ऱ आणि र यांच्यात फरकच करत नव्हता. डोंगरातल्या दऱ्यांचा तो समुद्राचा दर्या करत होता. तू साइटवर बग नोंदवलास. डेलने काहीतरी दुरुस्त केलं आणि "फिक्स्ड" म्हणून बंद केला. तू पाहिलंस, तर दर्या तसाच. तेव्हा तू लिहिलंस, "आय हॅव अ डाउट अबाउट युअर फिक्स." आणि त्याने उत्तर दिलं, की माझ्या कामावर विश्वास नसेल तर आपण स्वतःच ते खुशाल करावं.

त्या दिवसापासून लॉगमध्ये तुझं नाव नाही.

शैलजा, त्याच्या कानाला 'डाउट' म्हणजे काय वाटलं असेल ते मला इथे बऱ्याच वर्षांनी कळलं. माझ्या पहिल्या ऑफिसात मी बॉसला दर मीटिंगमध्ये आय हॅव अ डाउट म्हणायची आणि तो दर वेळी कपाळाला आठी घालायचा. मला वाटायचं माझे प्रश्न बाळबोध आहेत. शेवटी एका तमिळ बाईने मला जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेतलं आणि सांगितलं, की या लोकांत डाउट म्हणजे अविश्वास. आपण विचारतो शंका, आणि त्यांना ऐकू येतो संशय. आपल्याकडे शाळेत ज्या शब्दासाठी हात वर करायला शिकवतात, तो इकडे कुणाच्या तोंडावर बोलायचा नसतो. 'क्वेश्चन' म्हणायचं. किती साधी गोष्ट, आणि कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही. ती टीप तुला जानेवारीतच द्यायला हवी होती, पण तुझ्या तोंडी तो शब्द मला इतका सवयीचा, की माझ्या लक्षातच आलं नाही.

कारण तो शब्द तुझाच आहे. कॉलेजात पुराणिक सर फळा भरून झाला की खडूची पूड झटकत विचारायचे, "काही शंका?" आणि साठ पोरांच्या वर्गात तू एकटी उभी राहायचीस. मागच्या बाकांवरून आवाज यायचे, "आला, शंकासूर आला." एकदा कुणीतरी फळ्यावर शिंगं असलेलं तुझं चित्रच काढून ठेवलं होतं. तू वर्गात आलीस, चित्र पाहिलंस, खडू घेतलास, शिंगांखाली दोन वेण्या काढल्यास आणि जागेवर जाऊन बसलीस. त्या दिवशीही सरांनी शंका विचारल्यावर उभी राहिलीस. मी तुझ्या शेजारी बसून मान खाली घातली होती आणि मनात म्हणत होते, आज तरी बस गं. तू बसली नाहीस. आणि तो प्रश्न बरोबर निघाला, सरांच्या समीकरणात एक चिन्ह उलट पडलं होतं.

त्या मुलीला एका परक्या माणसाच्या एका ओळीने गप्प केलं, हे मला पटत नाही. पण समजतं. तेव्हा तू वीस वर्षांची होतीस आणि तुझ्या मागे काही नव्हतं, म्हणजे घालवायला काही नव्हतं. आता मागे अकरा वर्षं आहेत, ज्यांत डिपेंडंट व्हिसावर तुला एक तासही नोकरी करता आली नाही. रेझ्युमेतली ती रिकामी जागा तू मला फोनवर वाचून दाखवली होतीस. त्या कंपनीतल्या बाईने "तुमच्या प्रोजेक्टचं पान पाठवा, आम्ही काम बघतो" असं म्हटलं तेव्हा तू किती आनंदात होतीस, कारण अकरा वर्षांत दाखवण्यासारखं तेवढं एकच पान होतं. आणि आता त्याच पानावर ते वाक्य आहे, आणि गुरुवारी ती मंडळी ते उघडणार आहेत. भीती खोटी नाही तुझी.

ते वाक्य पुसता येणार नाही. या साइटचा नियमच तसा आहे, झालेलं काही पुसलं जात नाही, चुकलेला कोडही तिथेच राहतो. त्याच्याखाली पुढचं लिहिता मात्र येतं. कुणीही इतिहास उघडला की आधी चूक दिसते आणि मग ती कशी सुधारली ते दिसतं. मी स्वतः माणसं निवडायला बसते तेव्हा, खरं सांगते, ते दुसरंच आधी पाहते. ज्याच्या पानावर कधी कुणी हरकतच घेतली नाही, त्याने काही केलं असेल का, असा मला प्रश्न पडतो. (बघ, मी 'प्रश्न' म्हटलं. शिकले.)

आणि आणखी एक. आपल्याला जे दिसतं ते समोरच्याला दिसत असेल असं धरून चालू नकोस. बग नोंदवताना चित्र जोड, चुकलेलं आणि बरोबर, शेजारी शेजारी, आणि त्यांचे अर्थ लिही. डेलला देवनागरीतलं एक अक्षर वाचता येत नाही. ओरेगनमधल्या एका लहान गावात राहतो, टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाला, आणि जगातल्या लिप्या धड छापल्या जाव्यात ही त्याची हौस. त्याने तू सांगितलेली दुरुस्ती केली, कागद छापून काढला, त्याला दिसलं की र आहे, य आहे, काना आहे. त्याच्या मते झालं की सगळं. तो खोटं बोलत नव्हता आणि तूही चुकत नव्हतीस. म्हणून गेल्या आठवड्यात मी मोठ्या कागदावर दोन शब्द लिहिले, ब्रशने, वीतभर मोठे. एक दऱ्या आणि एक दर्या. एकाखाली डोंगर काढले आणि त्यांच्यामधली खोल जागा, दुसऱ्याखाली लाटा आणि होडी. माझी चित्रकला तुला माहीतच आहे, होडी चपलेसारखी आली. आणि खाली लिहिलं, की जी बाई हे सांगते आहे तिच्या देशात डाउट म्हणजे हात वर करून विचारलेला प्रश्न, आणि तो ती फक्त अशाच माणसाला विचारते ज्याला उत्तर येत असेल असं तिला वाटतं. स्कॅन करून पाठवून दिलं. तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

आज सकाळी चहा घेऊन बसले, तर तुझा बग पुन्हा उघडलेला. डेलने खाली लिहिलं आहे, सगळ्यांना दिसेल असं. मी माझ्या मराठीत सांगते. म्हणतो, हा बग मी चुकून बंद केला. नऊ वर्षं मी या लोकांच्या दऱ्यांत समुद्र भरत होतो आणि आजवर कुणालाही डाउट आला नाही, तो या बाईंना आला. माझं उत्तर उद्धट होतं, ते मी परत घेतो. आणि पुढे एक ओळ सोडून लिहिलं आहे, "आता मला एक डाउट आहे, तुमच्या अर्थाने. तुमच्या स्वतःच्या आडनावात ऱ नंतर ह येतो. तिथेही ती खूण तशीच काढायची की वेगळी? तुमच्याशिवाय मला कोण सांगणार?"

हे वाचून मी काय केलं असेल? प्रोग्रॅम सुरू केला आणि मदत करणाऱ्यांची नावं येतात ते पहिलं पान उघडलं. मी इतक्यांदा पाहिलं असेल ते, पण नीट पाहिलंच नव्हतं. तिथे तुझं नाव आहे, शैलजा बर्हाटे. ह च्या डोक्यावर रफार. इकडची माणसं तुला मिसेस बार-हेट म्हणतात, दारूच्या दुकानांचा तिटकारा असल्यासारखं, आणि तू हसून सोडून देतेस. पण ज्या प्रोग्रॅमवर तू दोन वर्षं राबलीस त्यालाही तुझं नाव नीट लिहिता येत नाही, आणि तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. आचाऱ्यांसाठी भांडलीस, दऱ्यांसाठी भांडलीस. स्वतःच्या नावाचा बग नोंदवलाच नाहीस.

डेलच्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. कुठल्याही मराठी माणसाला येईल, ते काही गुपित नाही. मी ते दिलेलं नाही. दुरुस्तीही पाच-सहा ओळींची असेल. तीही मी केलेली नाही. रविवार दुपार त्याला पुरेशी आहे. गुरुवारी ती माणसं ते पान उघडतील तेव्हा त्यांना तुझा प्रश्न दिसेल, त्याचं वाकडं उत्तर दिसेल, त्याने ते कसं परत घेतलं ते दिसेल, आणि त्याच्याखाली एकतर रिकामी जागा असेल, नाहीतर तू.

आता इतकं लिहून झाल्यावर हे का लिहिलं ते सांगते, कारण टिपा तर फोनवरही सांगता आल्या असत्या, आश्लेषाने स्पीकर चालू ठेवला असता. २००१च्या दिवाळीत मी तुला फोनवर म्हटलं होतं की काम जोरात आहे, डोकं वर काढायला वेळ नाही. ते खरं नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना काढलं होतं आणि त्यात मी होते. संजीवची नोकरी टिकली म्हणून मी त्यांच्या व्हिसावर डिपेंडंट झाले आणि दीड वर्ष घरी बसले. आईला सांगितलं नाही, तुलाही नाही. रोज सकाळी अर्ज पाठवायचे आणि रोज कुठूनतरी एकच उत्तर यायचं, आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत. त्या रिकाम्या दिवसांत रविवारच्या मराठी शाळेसाठी बडबडगीतं छापायला मी डेलचा प्रोग्रॅम उतरवून घेतला, त्यात एक चूक दिसली, आणि माझ्या अकलेने एक पॅच पाठवला. तो पार चुकीचा होता. डेलने मला पानभर उत्तर लिहिलं, ओळीओळीने, काय चुकलं आणि का चुकलं. मी ते खाली मान घालून वाचत गेले. शेवटी एकच वाक्य होतं, "हा मला वापरता येणार नाही. कृपया दुसरा पाठवा." शैलजा, त्या सबंध वर्षात या अख्ख्या देशात मला कुणी "दुसरा पाठवा" असं म्हटलं नव्हतं. मी कितीदा तरी ते वाचलं, आणि दुपारी दुसरा पाठवला. तुझ्या त्या अकरा वर्षांबद्दल तू बोलायचीस तेव्हा मी वरून धीर देते आहे असं तुला वाटत असेल, पण मी शेजारच्याच बाकावर होते, नेहमीसारखी, मान खाली घालून. तेव्हा मला जे एका अनोळखी माणसाने म्हटलं ते तुला ओळखीच्या माणसाने म्हणावं, म्हणून हे पत्र. गेले काही आठवडे सकाळी लॉग उघडते तर त्यात माझंच नाव असतं, आणि चहा संपेपर्यंत वाचायला काही उरत नाही. सोमवारी फोन करू नकोस. तुझं नाव नीट कर, डेलला उत्तर दे, आणि दुसरा पाठव. एवढं होईल ना, ही मात्र शंका आहे, आपल्या अर्थाने. तू उत्तर देशील असं वाटतं, म्हणूनच विचारते.

तुझ्याच बाकावरची,
सुवर्णा

ता. क. पाकिटावर तुझं नाव देवनागरीतही लिहिलं आहे, इंग्रजीच्या खाली. पोस्टातल्या बाईने विचारलं ही नक्षी कसली. मी म्हटलं, ही नक्षी बरोबर आली आहे, तिला हात लावू नका.